फ्रिज बंद ठेवण्याचे दिवस

एकोणीस दिवस आमचा फ्रिज दुपारी बंद असायचा.
तिची अट एवढीच.
भाडं आधीच देऊन टाकलं होतं, वर म्हणाली,
काका, पंप नको, पंखा नको, आणि ते घड्याळ
जरा आतल्या खोलीत न्याल का?
मी घड्याळ तांदळाच्या डब्यावर नेऊन ठेवलं.
बांगडे सकाळीच तळून संपवायचे.

शर्वाणी आजगावकर. तुम्ही ऐकली असणार.
वेंगुर्ल्याच्या रिक्षांतून तिची ती दोन गाणी
अजून उड्या मारत जातात.
मी वाट बघत होतो पाच-सहा पोरांची,
गिटारी, ड्रम, वायरींची भेंडोळी.
ती एसटीतून एकटी उतरली. एक बॅग, दोन माईक,
आणि चेहरा बँकेत पासबुक भरून घ्यायला आलेल्या माणसाचा.

पियानो सेराफिनचा.
खारं वारं पिऊन तारा तांबूस,
पायांखाली रॉकेलच्या वाट्या, मुंग्यांसाठी.
ती गेल्यापासून त्याच्यावर मी औषधांच्या बाटल्या ठेवायचो,
त्या हलवल्या.
मडगावहून सूर लावणारा आला, रोमाल्दो.
दोन दिवस पिळत बसला, म्हणाला,
मधली ही एक पांढरी मुकी का?
झाकण काढून टॉर्च मारला.
हातोडीच्या तोंडाशी एक घडी घातलेलं तिकीट.
शिरोडा ते वेंगुर्ला.

थांब, मी म्हटलं, काढू नकोस.

लग्नानंतर ती मला एकच गाणं शिकवत होती.
माझं बोट दर वेळी त्याच पट्टीवर घसरायचं.
"तुझा बोट थयच कित्याक जाता?"
मग एक दिवस घसरलं आणि काहीच वाजलं नाही.
मला वाटलं, खाऱ्या हवेनं गेली पट्टी.
तीही म्हणाली, हो, हवेनंच.
त्यानंतर गाणं बरं जमलं. चहाला आलेल्या पाव्हण्यांना मी ते ऐकवायचो!

शर्वाणी काही बोलली नाही.
रोमाल्दोच्या हातातला चिमटा तेवढा काढून घेतला.
राहू दे तिकीट. मी वळसा घालीन.

भिंतीपलीकडून मला अर्धंच कळायचं.
कुणाचं तरी नाव यायचं आणि ती ते खोडायची,
पुन्हा पहिल्यापासून.
एक ओळ मात्र नीट ऐकली:
टाळ्या वाजत होत्या तेव्हा मला
पहिल्या रांगेतली रिकामी खुर्ची तेवढी दिसायची.
ही ओळ तिनं चाळीस वेळा तरी गायली.
खुर्ची कुणाची, मी विचारलं नाही.
पेज वाढली, वर लोणचं.

अकराव्या दिवशी लाईट गेली, आली,
आणि मी बटण बंद करायला विसरलो.
ऐन गाण्यात फ्रिज थरथरून उठला.
मी धावलो, तर तिनं डाव्या हातानं मला थांबवलं.
उजवा हात चाचपडत खाली गेला, खाली,
एका जागी टेकला.
पांढरी पाच, काका. किंचित वर.
एकटाच गातोय, गाऊ दे.

एकतीस वर्षं मी बर्फाच्या कारखान्यात काढली,
बंदरावर, कॉम्प्रेसरच्या शेजारी.
कान तिथेच गेले निम्मे.
त्यांना सूर असतो हे कुणी म्हणालं नव्हतं.

शिमग्याचे ढोल निघायच्या आदल्या दिवशी ती गेली.
घड्याळ परत भिंतीवर. बाटल्या परत पियानोवर;
मग नको वाटलं, खिडकीत ठेवल्या.

श्रावणात नातू फोन घेऊन आला, अल्रॉय.
नऊ गाणी. ना ढोल, ना टाळी.
सातव्यात माझा फ्रिज आहे.
गाणंभर ती त्या मुक्या पट्टीला वळसा घालत जाते,
ओट्यावर मांजर निजलं असावं तशी,
आणि शेवटाकडे, सगळं पार पडत असताना,
बोट सरळ तिथेच.

टक.

नुसतं लाकूड.

अल्रॉय म्हणाला, आजोबा, हिथं चुकली ना ती?
मी उठून आत गेलो,
फ्रिजचं दार उगाच उघडून उभा राहिलो.
सौंदाळे होते, अर्धा लिंबू होता.
पांढरी पाच चालू होती.